काकूंचं एकाशन आणि गॅसचं बिल



आपल्या स्वयंपाकघरात येणारी प्रत्येक वस्तू आपल्या नजरेखालून जाते. डाळ निवडून, पीठ चाळून, पाणी गाळून. वाण्याने पन्नास ग्रॅम कमी दिलं तर पुडा उचलताच हाताला कळतं. सिलिंडर होता तेव्हा त्याचंही वजन करता यायचं. आत १४.२ किलो गॅस, आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं. शंका आली तर आणणाऱ्या माणसाला काटा लावायला सांगायचं. पाइपचा गॅस आला आणि हे मोजणं आपल्या हातून निघून मीटरकडे गेलं. मीटर मोजतो, कंपनी बिल पाठवते, बँक पैसे भरते. आपण फक्त बटण फिरवून शेगडी पेटवायची.

यात सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण गेल्या वर्षी आमच्या मजल्यावर जे घडलं ते कळल्यावर तुम्हीही उठून मीटर बघाल, म्हणून हा लेख.

आम्ही लालबागला राहतो. इथे गॅस कंपनी लेन नावाची गल्ली आहे. नव्या माणसाला वाटतं, इथे सिलिंडरचं दुकान असणार. नाव त्याहून पुष्कळ जुनं आहे. ऑक्टोबर १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळशापासून तयार व्हायचा आणि बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना आमच्याच लालबाग-परळ भागात होता. घरात टाकीचा गॅस आला तो १९५५ मध्ये, बर्मा शेलचा ‘बर्शेन’. तोही आधी मुंबईत. तरी माझ्या आईने कितीतरी वर्षं स्टोव्हला पिन मारण्यात आणि रॉकेलच्या रांगेत काढली. तेव्हा रॉकेल किती उरलं ते डबा हलवला की कळायचं. आता मात्र मीटर काय म्हणतो तेच खरं.

आमच्या मजल्यावर एक काकू राहतात. वय ७८, एकट्या. काका गेल्यापासून कुटुंब निवृत्तिवेतनावर त्यांचं चालतं. पुतण्या पुण्याला असतो, त्यांचे बँकेचे व्यवहार तोच फोनवरून बघतो. काकूंचा स्वयंपाक म्हणजे सकाळी पाणी उकळायचं, भात-आमटी, दोन पोळ्या, आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आत काहीतरी ऊन ऊन. रात्रीचं उरलेलं दुसऱ्या दिवशी खायचं नाही, हा नियम त्यांनी लग्नाआधीपासून पाळलेला.

गेल्या वर्षी त्यांच्या घरातून संध्याकाळी कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. विचारलं तर म्हणाल्या, “एकाशन करते गं.” अष्टमी-चतुर्दशीला एकाशन आपण सगळ्याच करतो. पण रोज? या वयात? मंदिरात बायका त्यांची अनुमोदना करत होत्या आणि काकू मान खाली घालून हसत होत्या. तब्येत मात्र उतरत चालली होती. एकदा जिन्यात चक्कर आली तेव्हा मी त्यांना घरी सोडायला गेले, साखरपाणी करायला ओट्यापाशी उभी राहिले, आणि तांदळाच्या डब्याखाली घडी घालून ठेवलेलं गॅसचं बिल दिसलं. दोन महिन्यांचे ४२ युनिट. दोन हजारांच्या वर रक्कम.

एकट्या बाईला दोन महिन्यांत ४२ युनिट? आमचं दोघांचं घर, पाहुणे येऊन-जाऊन २५-२६ च्या वर जात नाही.

मी पुतण्याला फोन लावला. त्याने सांगितलं ते असं. काकूंचं बिल नेहमी ८-९ युनिटांचं, साडेचारशेच्या आसपास असायचं. त्याने त्यांच्या डेबिट कार्डावरून बिल आपोआप भरलं जाईल अशी व्यवस्था केली होती आणि वरची मर्यादा ठेवली होती ७०० रुपये. मोठं बिल आलं तेव्हा पैसे गेले नाहीत. कंपनीकडून फोन आला की मर्यादा वाढवा, नाहीतर विलंब आकार लागेल. त्याने मर्यादा २,५०० केली. पहिलं बिल ४२ युनिटांचं गेलं, दुसरं ४४ चं गेलं. तिसरं ४१ चं, दोन दिवसांत जाणार होतं.

मी बी.कॉम. झाले पोदार कॉलेजातून. नोकरी केली नाही, पण जमा-नावे डोक्यातून गेलेलं नाही. हिशेबाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की वहीतला आकडा आणि गोदामातला माल यांचा मेळ घालून बघा. मी खुर्ची घेतली, चष्मा लावला आणि काकूंच्या ओट्याखालच्या मीटरपाशी बसले.

त्याआधी एक सांगते. बिल वाढलं की आपण म्हणतो, “महागाई!” आणि भरून टाकतो. पण वाढ तीन वाटांनी येते आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं असतं.

पहिली वाट दराची. २०२२ साल आठवा. त्या वर्षी १ एप्रिलला राज्य सरकारने नैसर्गिक वायूवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, म्हणून मुंबईत दर उतरला. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये केंद्राकडून ठरणारी देशी गॅसची किंमत दोनदा वाढली आणि आपला दर पुन्हा चढत गेला. एप्रिल २०२३ पासून ती किंमत कच्च्या तेलाशी जोडली आणि तिला वरची मर्यादाही घातली. या गोष्टी दिल्लीत ठरतात. त्यासाठी फोनवरच्या मुलीशी भांडून उपयोग नाही.

दुसरी वाट वापराची. लेक बाळंतपणाला आली, घरी फराळ केला, थंडीत पाणी जास्त तापवलं, तर युनिट वाढणारच. ते आपलं आपल्याला ठाऊक असतं.

तिसरी वाट नोंदीची. रीडिंग घ्यायला माणूस आला तेव्हा दार बंद होतं म्हणून सरासरीने आकडा टाकला, आकडा वाचताना चुकला, किंवा एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर चढला. इथे मात्र विचारायचंच. आणि उत्तर शोधायला फार हुशारी लागत नाही, कारण खरा आकडा आपल्याच भिंतीवर असतो.

काकूंच्या घरात तो आकडा होता २५. सहा महिन्यांपूर्वी इमारतीतले काही मीटर बदलले, त्यात त्यांचाही बदलला होता, म्हणजे नवा मीटर शून्यापासून सुरू झालेला. सहा महिन्यांत २५ युनिट जाळणाऱ्या बाईला तीन बिलं मिळून १२७ युनिटांचे पैसे लावले होते. मग मी मीटरच्या पट्टीवर कोरलेला नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून पाहिला. शेवटचे तीन आकडे वेगळे होते.

मग हा नंबर कोणाचा? मीटर बदलले त्या दिवशी समोरच्या घरातलाही बदलला होता. त्या घरात सहा माणसं. मी त्यांच्याकडे जाऊन, विचारून, त्यांचा मीटर पाहिला. नंबर तंतोतंत काकूंच्या बिलावरचा. आकडा १२८. दोन घरांचे नंबर कागदावर उलटसुलट चढले होते. सहा माणसांचा स्वयंपाक एकटी म्हातारी भरत होती.

घरी येऊन सांगितलं तर आमचे हे म्हणाले, “आपलं बिल नाही. तू कशाला मध्ये पडतेस? दोन्ही घरं शेजारची.” त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. काकूंचे पैसे परत मिळणार म्हणजे समोरच्यांकडून वसूल होणार. समोरची सून तोंडावर म्हणाली, “म्हणजे काकूंचं कमी करायला तुम्ही आमचं वाढवणार?” मी म्हटलं, “मी काही वाढवत नाही गं. मीटरने मोजलंय ते बघ.” दोन-तीन दिवस लिफ्टमध्ये भेटलो की ती मोबाइलमध्ये बघायची.

मग एका दुपारी तिच्या सासूबाई स्वतः आल्या. मालवणकडच्या आहेत, तोंडाने फटकळ, मनाने स्वच्छ. म्हणाल्या, “आमच्या शेगडीवर शिजलं ते आम्ही खाल्लं. दुसऱ्याच्या पैशानं शिजलेलं अंगी लागत नाही. कुठे सही करायची ते सांग.” त्या सहीने आमचं अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं कंपनीकडे होतं. हेल्पलाइनवरची मुलगी अगदी गोड बोलत होती.

“मॅडम, वापर वाढला असेल.”

“एकट्या बाईचा पाचपट?”

“पाहुणे आले असतील. तुम्ही ऑटो-पेची मर्यादा तेवढी ठेवा, म्हणजे लेट फी लागणार नाही.”

मी म्हटलं, “ताई, मर्यादा किती ठेवायची ते नंतर ठरवू. आधी माप दाखवा. आणि तक्रार क्रमांक द्या.”

तक्रार क्रमांक मिळेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हे लक्षात ठेवा. बोलणं विरून जातं, क्रमांक राहतो.

पुतण्याने तिकडून एक चांगलं काम केलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून किंवा यूपीआयवरून आपोआप जाणाऱ्या पैशांची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते. ती आल्यावर तेवढा एक व्यवहार थांबवता येतो किंवा सगळी व्यवस्थाच बंद करता येते. त्याने ते ४१ युनिटांचं बिल थांबवलं. पण आम्ही पैसे अजिबात भरले नाहीत असं केलं नाही. काकूंच्या नेहमीच्या वापराइतके, ९ युनिटांचे पैसे भरले आणि तसं पत्रात लिहिलं. वाद असेल तेवढ्याच रकमेचा असावा. न्याय्य देणं अडवून ठेवलं की आपलीच बाजू लंगडी होते, आणि गॅस तोडण्याचं निमित्त आपणच देतो.

पत्र मी मराठीत लिहिलं, एका पानाचं. त्यात एकही विशेषण नव्हतं. दोन्ही घरांचे ग्राहक क्रमांक, दोन्ही मीटरचे नंबर, त्या दिवसाची दोन्ही रीडिंग, तीन बिलांच्या तारखा, आणि दोन्ही मीटरचे फोटो. खाली काकूंची आणि समोरच्या आजींची सही. मागणी एका ओळीची, दोन्ही मीटर येऊन तपासावेत आणि मोजलेल्या वापराप्रमाणे दोघांची बिलं दुरुस्त करावीत. पोच घेतली. आठवड्यात काही झालं नाही तेव्हा तेच पत्र, तक्रार क्रमांकासह, वरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवलं.

त्यानंतर माणूस आला, दोन्ही घरं पाहिली, आणि पाच मिनिटांत म्हणाला, “नंबर उलटे पडलेत.” बास. काकूंनी भरले होते ९५ युनिटांचे पैसे, जाळले होते २५. युनिटला पन्नासच्या आसपास धरा, ७० युनिटांचे साधारण साडेतीन हजार रुपये त्यांच्या पुढच्या बिलांत जमा धरले गेले. समोरच्यांचं देणं निघालं ते त्यांना तीन बिलांत विभागून मिळालं. पुतण्याने मर्यादा परत ७०० वर आणली.

हे सगळं निस्तरल्यावर मी काकूंना विचारलं, “बिल वाढलंय हे मला का नाही सांगितलंत?” त्यांनी जे उत्तर दिलं ते माझ्या मनातून जात नाही. म्हणाल्या, “अगं, परवडत नाही हे सांगायची लाज वाटते. एकाशन म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.”

शिळं खायचं नाही म्हणून एकदाच करून दोन वेळा पुरवायची सोय त्यांना नव्हती. नियम मोडायचा नव्हता, बिलाला तोंड द्यायचं होतं, म्हणून त्यांनी संध्याकाळचं जेवणच सोडलं होतं. मैत्रिणींनो, तप मोठंच. पण ते आपल्या इच्छेने केलेलं असावं, कोणाच्या चुकीच्या नोंदीने लादलेलं नसावं. आता काकू अष्टमी-चतुर्दशीला एकाशन करतात आणि बाकीचे दिवस संध्याकाळी पाचला शिट्टी वाजते.

यंदाच्या दशलक्षणात मला एक गोष्ट नव्याने ऐकू आली. रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. सातवा दिवस उत्तम तपाचा, आणि त्या दिवशी येणारा सातवा अध्याय व्रतांचा. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार त्यात सांगितले आहेत. त्यातला चौथा म्हणजे हीनाधिक मानोन्मान, घेताना मोठं माप आणि देताना छोटं माप वापरणं. आपण तो व्यापाऱ्यांचा दोष समजून पुढे जातो. पण शब्दात ‘हीन’ही आहे आणि ‘अधिक’ही. काकूंकडून जास्त घेतलं गेलं तो जसा दोष, तसाच समोरच्या घराला कमी लागत होतं तोही. मापाचं तेवढंच द्यावं, मापाचं तेवढंच घ्यावं, याला कंजूषपणा म्हणत नाहीत आणि भांडकुदळपणाही म्हणत नाहीत.

कोणी म्हणतं, जाब विचारला की कषाय वाढतो. आवाज चढवून विचारला तर वाढतो. आकडे पुढे ठेवून विचारला तर उलट मन शांत राहतं. बायकांनी यात पडू नये असं म्हणणाऱ्यांना आपल्याच मुंबईची आठवण द्यावी. १९७२ मध्ये मी शाळेत होते तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत साध्या घरच्या बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. १९७५ मध्ये बिंदुमाधव जोशींनी मुंबई ग्राहक पंचायत सुरू केली, त्यातही घराघरांतल्या बायका एकत्र येऊन वाणसामान घेत आणि वाटून घेत. आपल्याला लाटणं उचलायचीही गरज नाही, चष्मा पुरतो.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते. तिकडे हिवाळ्यात घर गरम ठेवायला भरपूर गॅस लागतो, उन्हाळ्यात फारसा नाही. म्हणून वर्षाचा अंदाज काढून दरमहा सारखाच हप्ता बँकेतून जातो. तिचा हप्ता ११० पौंडांचा ठरला होता, तो एकदम १६५ झाल्याचं पत्र आलं. तिने मला फोन केला, “मावशी, हे कसं तपासू?” मी म्हटलं, “मीटर बघ.” पुरवठादाराने आधीच्या भाडेकरूच्या वापरावरून अंदाज धरला होता. हप्ता उपलब्ध असलेल्या ताज्या आणि खात्रीच्या माहितीवरूनच ठरवायचा आणि तो कसा ठरवला हे ग्राहकाला समजेल असं सांगायचं, असा तिथल्या ऑफजेम या नियामक संस्थेचा नियम आहे. आठ आठवड्यांत तक्रार सुटली नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे जाता येतं. तिला तिथवर जावं लागलं नाही. खरं रीडिंग आणि फोटो पाठवल्यावर हप्ता ११८ वर आला. दर थोडा वाढला होता, तेवढे आठ पौंड तिने तक्रार न करता मान्य केले.

आता तुमच्यासाठी थोडं कामाचं.

बिल आलं की रकमेआधी तीन गोष्टी बघा. मीटरचा नंबर आपल्या मीटरच्या पट्टीशी जुळतो का, रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की सरासरीचं, आणि युनिट किती. मीटरवरचे काळे आकडे पूर्ण युनिटांचे, लाल आकडे अपूर्णांकाचे. रीडिंग काळ्यांचं धरायचं.

दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला रीडिंग दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहून ठेवा. दुधाचा खाडा लिहितो त्याच्याच शेजारी. यात्रेला किंवा गावी जाताना मीटरचा फोटो काढून जा.

वापर न करता आकडा पळतोय अशी शंका आली तर सगळी बटणं बंद करा, लाल आकडे टिपून घ्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. हलले असतील तर बिल बाजूला ठेवा. मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करून, खिडक्या उघडून आधी आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

आपोआप पैसे जाण्याची व्यवस्था जरूर ठेवा, पण मर्यादा नेहमीच्या बिलाच्या थोडीच वर असू द्या. मर्यादा ओलांडून बिल आलं, म्हणजे कोणीतरी दार वाजवलं असं समजा. उघडण्याआधी कोण आहे ते बघा. कंपनीने ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

आणि शेवटचं. तुमच्या मजल्यावर एखादी एकटी काकू, आजी असेल, तिच्या मोबाइलवर इंग्रजीत संदेश येत असतील आणि पैसे गुपचूप जात असतील, तर एखाद्या दुपारी चहाच्या निमित्ताने तिच्याकडे जा. “काकू, बिल दाखवा बघू,” एवढंच म्हणा. परवडत नाही हे ती आपणहून सांगणार नाही.